नवरदेवाची घोडी आणि गजभिये काकू

जयपूरच्या खातीपुऱ्यात राहायला आलो त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या गजभिये काकूंनी माझं नाव नंतर विचारलं. आधी माझ्या हातातल्या कुंडीकडे बोट दाखवलं. "हे जनावराला चालते का?"

कोरफड होती. मला काय ठाऊक.

"तुला चालते, मांजरीला नाही. वर टांगून ठेव."

काकू मूळच्या नागपूरच्या. काकांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे जयपूरला आल्या आणि काका गेल्यावरही इथेच राहिल्या. कोणतं जनावर काय खाऊन मरेल, यावर त्यांचा डोळा असे. टपरीवर कुणी कुत्र्यापुढे चॉकलेट धरलं की त्या ते काढून घेत आणि स्वतः खात. "कुत्र्याला विष आहे हे. मला नाही." समोरचे शर्माजी शिंकणाऱ्या मांजरीला आपली तापाची गोळी द्यायला निघाले, तर काकूंनी त्यांना मांजरीसकट रिक्षात बसवून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. "माणसाची गोळी मांजरीला दिली मतलब संपलं," असं वाटभर बजावत.

मग शर्माजींच्या मुलीचं लग्न आलं. वरात दारात आली, बँड जोरात. सजावटवाल्याला झेंडू कमी पडला होता, म्हणून त्याने आग्रा रोडच्या दुभाजकावरची कण्हेर तोडून आणून कमान भरली होती. दिसत छान होती. नवरदेवाच्या घोडीलाही ती आवडली असावी, कारण तिने मान लांब केली.

काकू आडव्या गेल्या. जरीची साडी, हातात आइस्क्रीमची वाटी. घोडीवाल्याला म्हणाल्या, "भैया, घोडी पीछे लो. कनेर है, जहर है."

"आंटीजी, मुहूर्त निकल रहा है," शर्माजी कळवळले.

"घोडी गेली तर दारातच जाईल. चालेल का?"

बँड थांबला. काकूंनी वाटी माझ्या हातात दिली आणि कमान ओरबाडायला सुरुवात केली. नवरदेव खाली उतरला, तलवार सावरत एका हाताने लगाम धरून उभा राहिला. गोंधळात घोडी पुढे सरकली ती थेट काकूंच्या पायावर. काकूंचे हात कमानीवर तसेच चालत राहिले. कमान उघडीबोडकी झाली, वरात आत गेली आणि काकूंनी परत आइस्क्रीम मागितलं. मी ते संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकावलो, तर काकू खुर्चीत, पाय स्टुलावर. चांगलाच सुजलेला. तेवढ्यात बेंगळुरूहून मुलाचा फोन आला. तो स्पीकरवर अडखळत्या मराठीत बोलत होता. "आई, तू... मतलब, ठीक आहे ना?"

"मजेत आहे रे. लग्नात जेवली, नाचली. तू सांग."

त्याची मीटिंग होती. फोन ठेवून काकूंनी स्टुलावरचा पाय जरा हलवून बघितला.

"लय दुखून राहिला रे पाय," त्या हळूच म्हणाल्या.

"मग त्याला का नाही सांगितलं?"

"तो तिथून काय करणार? नुसता घाबरेल."

डॉक्टरकडे न्यायला मी रिक्षा बोलवायला उठलो.

"बस ना जरा," काकू म्हणाल्या. "चहा टाक, माझाही. रिक्षा काय, कधीही मिळते."