‘मी’चा रकाना

मधलीने आपल्या लग्नाची सगळी कामं एका कागदावर लिहून काढली, मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने केले. तिला मधली म्हणत, कारण ती दोन बहिणींच्या मध्ये जन्मली होती, आणि असं चिकटलेलं नाव नोकरीत बढती मिळाली तरी सुटत नाही. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरची प्रमुख होती. कापसाच्या गुंडाळ्यांपासून हातमोज्यांपर्यंत काय कुठल्या फळीवर आहे, हे ती डोळे मिटून सांगे. त्यामुळे हल्ली लग्न पार पाडून देणारी माणसं मिळतात, त्यातलंच कोणीतरी बोलावू या, असं आत्याने सुचवलं तेव्हा ते तिला लागलं.

“अकरा वॉर्डांना रोज माल पुरवते मी, आत्या,” ती म्हणाली. “एक लग्न म्हणजे डाव्या हातचा मळ.”

“बघ बाई,” आत्या म्हणाली. आत्याचं ‘बघ बाई’ म्हणजे पुढे जे काही होईल त्यातून तिने आधीच अंग काढून घेतलेलं असे.

होणारा नवरा चष्मेवाला होता. बाजाराच्या टोकाला त्याचं लहानसं दुकान होतं आणि तिथे तो दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत असे. स्वभावाने गरीब. यादीचं ऐकून तो म्हणाला की तू करशील तसं. मधलीने त्याला एक नियमही घालून दिला. तिच्या थोरल्या बहिणीचं आणि मेव्हण्यांचं लग्नाच्या तयारीत रोज एकदा तरी वाजे, कारण दोघंही एकमेकांच्या कामात लुडबूड करत. तेव्हा आपल्या रकान्यातलं आपण बघायचं, दुसऱ्याच्या रकान्यात नाक खुपसायचं नाही. झालं का, एवढंच विचारायचं. चष्मेवाल्याला नियम आवडला. मधलीने कागदाचा फोटो काढला आणि त्याला पाठवून दिला.

कागदावर वर तारीख आणि वेळ होती. खाली डाव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘मी’ आणि उजव्याच्या डोक्यावर ‘तू’. ‘मी’च्या खाली हॉल, जेवण, पत्रिका आणि फोटोग्राफर. ‘तू’च्या खाली नोंदणी कार्यालय, फुलं, गाडी आणि गाणंबजावणं. आता ‘मी’ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न साधुपुरुषांना पडतो, यादी करणाऱ्याला पडत नाही. मधलीने कागद वाचला आणि ‘मी’ म्हणजे मी, असं समजून कामाला लागली. चष्मेवाल्याने फोटो वाचला आणि त्यानेही तेच केलं.

दोन महिने दोघं उत्साहाने राबली. भेटली की ती विचारी, तुझं कुठवर आलं, आणि तो म्हणे, निम्मं झालं. मग तो तेच विचारी आणि तीही तेच सांगे. एकदा मधली बोलता बोलता म्हणून गेली की हॉलवाला फार बोलतो. चष्मेवाला म्हणाला, “हो ना, कान किटतात.” याला कसं ठाऊक, असा विचार तिच्या मनात डोकावला, पण हॉलवाले सगळे बोलतातच, आणि नियम नियमच असतो, म्हणून तिने तो बाजूला सारला.

पुढे अशा गोष्टी वाढत गेल्या. फोटोग्राफरने फोन करून विचारलं की घरच्या मंडळींचे फोटो आधी घ्यायचे की नंतर. हे तर आपण त्याला गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, असं तिला वाटलं; आवाजही जरा घोगरा होता. सर्दी झाली असेल बिचाऱ्याला, म्हणून तिने सगळं पुन्हा सांगितलं आणि वर गरम पाणी प्यायला सांगितलं. तो बरं म्हणाला. चष्मेवाल्याची आई एकदा रस्त्यात भेटली. हॉलचा जिना चढायला त्रास होईल का, असं त्या विचारत होत्या. मधलीचा हॉल तळमजल्यावर होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि घरी येऊन वडिलांना म्हणाली की काकू अलीकडे जरा विसराळू झाल्यात. तिकडे काकूंनीही मुलाला तेच सांगितलं होतं, मुलीविषयी.

लग्नाला तेरा दिवस उरले तेव्हा मधलीने आपल्याकडच्या पत्रिका वाटून संपवल्या आणि चष्मेवाल्याकडच्या पाहुण्यांसाठी छापलेल्या पत्रिकांचं खोकं दोन्ही हातांनी धरून त्याच्या दुकानात गेली. तो तेव्हा काउंटरमागे वाकून एक खोकं सुतळीने बांधत होता.

“बरं झालं आलीस, मीच निघालो होतो,” तो म्हणाला आणि त्याने ते खोकं काउंटरवर ठेवलं. मधलीने आपलं त्याच्या शेजारी ठेवलं.

“यात काय आहे?” तिने विचारलं.

“तुमच्याकडच्या पत्रिका. आमच्याकडच्या वाटून झाल्या. आणि यात?”

मधलीने त्याचं खोकं पुढे ओढलं. तिने सुतळी सोडली, वरची पत्रिका काढली आणि आपल्या खोक्यातल्या एका पत्रिकेशेजारी ठेवली. नावं तीच, तारीख तीच, वेळ तीच. हॉल दोन. एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. दुकानात भिंतीवरची अक्षरं वाचायला बसलेले एक आजोबा होते. ते म्हणाले की आता खालची ओळ दिसत नाहीये. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

यादी बाहेर निघाली. तिने ‘मी’वर बोट ठेवून सांगितलं की हा बघ, मी. त्याने आपल्या फोनमध्ये त्याच शब्दावर बोट ठेवून सांगितलं की हो, मी. दोघांनी हे तीनचारदा केलं. कोणाचं चुकलं ते काही केल्या ठरेना, कारण मधली स्वतःच्या जागी बरोबर होती, तो स्वतःच्या जागी बरोबर होता, आणि त्या दोन जागा सोडून उभं राहायला तिसरी जागा दुकानात नव्हती.

काकू आतून चहा घेऊन आल्या. त्यांना सगळं समजावून सांगायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. मग त्यांनी विचारलं की हॉलमध्ये माणसं मावतात किती. दोन्ही हॉल जेमतेम दोनशे माणसांचे. आणि आपल्याकडची किती, असं विचारल्यावर मधली खाली बघत म्हणाली की दीडशेच्या वर गेली थोडी. दोन्ही बाजूंनी पाऊणशे-पाऊणशे माणसं सांगायची असं ठरलं होतं. पण समोरची बाजू तेवढी भरणार नाही, असं धरून तिने आपली वाढवली होती. चष्मेवाला कान चोळत म्हणाला की आमचीही तेवढीच झालीत.

“म्हणजे चूक झाली नसती तर शंभरावर माणसं रस्त्यावर जेवली असती,” काकू म्हणाल्या. “राहू देत दोन्ही हॉल. आमची माणसं आमच्याकडे, तुमची तुमच्याकडे. तुम्ही दोघं गाडीतून ये-जा करा. लग्न काय, कुठल्यातरी एका ठिकाणी लावून टाकू.”

मधलीला हायसं वाटलं. तिने एक घोट गार चहा घेतला, आणि कप तसाच हातात धरून तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं.

“लग्न लावायला नोंदणी अधिकाऱ्यांना कोणी सांगितलंय?”

“ते तुझ्या रकान्यात होतं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नोंदणी कार्यालयाच्या दारात उभी होती. आतले साहेब शांत होते. त्यांनी सांगितलं की नोटीस दिल्यापासून तीस दिवस जावे लागतात, त्याआधी कोणाचंही लग्न लागत नाही. मधलीने हॉल दोन असल्याचं, जेवण दोन असल्याचं आणि फोटोग्राफरही दोन असल्याचं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले की त्याने दिवस काही दुप्पट वेगाने जात नाहीत. त्यांनी जी तारीख दिली ती लग्नानंतर अठरा दिवसांनी येत होती.

घरी ठरलं की लोकांना खरं ते सांगून टाकायचं. आज जेवा, आशीर्वाद द्या, लग्न अठरा दिवसांनी आहे. दोनच वाक्यं होती. मधलीने ती वडिलांना कागदावर लिहून दिली, आणि या वेळी कागदावर ‘मी’ किंवा ‘तू’ कुठेही नाही याची खात्री करून घेतली. काकूंनी मात्र सांगितलं की त्यांच्याच्याने हे होणार नाही, लोकांनी विचारलं तर बघू.

तो दिवस उजाडला. बाराच्या ठोक्याला बाबा माइकसमोर उभे राहिले. शेजारी मधली नव्या कपड्यांत, तिच्या शेजारी चष्मेवाला. बाबांनी चष्मा लावला, कागद उलगडला, लेकीकडे पाहिलं आणि त्यांचा गळा दाटून आला. “आज... म्हणजे कायद्याने पाहिलं तर...” एवढंच ते बोलू शकले. लोकांना वाटलं, बाप आहे, भरून आलं असणार. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वाढपी भांडी घेऊन शिरले. एकदा पंगतीकडे पाय वळले की माणसाला थांबवणं कोणाच्या बापाला जमत नाही, मधलीच्या तर नाहीच.

ती उघडं तोंड मिटते न मिटते तोच एक मामी येऊन गालाला हात लावून म्हणाल्या, “लग्न तिकडे लागलं वाटतं? असू दे, असू दे.” मधली म्हणाली, “मामी, खरं सांगायचं तर तिकडे...” आणि पुढचं ऐकायला मामी थांबल्या नाहीत, कारण त्यांची खुर्ची कोणीतरी घेत होतं.

अर्ध्या तासाने दोघं गाडीत बसून पलीकडच्या हॉलवर गेली. तिथे जिना होताच. वर चढताच चष्मेवाल्याच्या काकांनी त्याला मिठी मारली आणि विचारलं की तिकडचं सगळं नीट लागलं ना. तो म्हणाला की तिकडचं जेवण चालू आहे. हे खरं होतं. काकांनी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं की तिकडे लागलं, जेवणंही बसली. मग इकडेही टाळ्या झाल्या.

दोन्ही हॉलांना मिळून त्या दिवशी पाच खेपा झाल्या. चौथ्या खेपेला पुलावर वाहनांची रांग लागली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मधलीने डोकं मागे टेकलं. सकाळपासून आपण काहीच खाल्लेलं नाही हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. चष्मेवाल्याने खिशातून कागदी रुमालात बांधलेले दोन वडीचे तुकडे काढले.

“कुठल्या हॉलातले?” तिने विचारलं.

“एक अलीकडचा, एक पलीकडचा. तुझं ठरेना तर म्हणून.”

तिने दोन्ही खाल्ले. मग ती म्हणाली की आपलं लग्न झालेलं नाही हे आख्ख्या गावात फक्त चौघांना माहीत आहे. तो म्हणाला की मला मधूनमधून तेही विसरायला होतंय. मधलीला हसू फुटलं आणि ते पूल संपेपर्यंत थांबेना.

खरी पंचाईत पुढे झाली. लग्न झालेलं नसल्यामुळे संध्याकाळी ती आपल्या घरी गेली आणि तो आपल्या. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी माहेरच्या दारातून कामाला निघालेली शेजारणींनी पाहिली. तिने सांगितलं की तिकडे रंगकाम चाललंय. चौथ्या दिवशीही रंग वाळला नाही तेव्हा लोकांनी माना हलवायला सुरुवात केली. हॉस्पिटलमधल्या मोठ्या सिस्टरनी तिला कापसाच्या गठ्ठ्यांमागे नेलं आणि हळूच सांगितलं की काही सहन करायचं नाही, आजकाल सगळ्याला मार्ग असतात. चष्मेवाल्याच्या दुकानात नंबर काढायला येणारे लोक त्याच्याच डोळ्यांत बघून सुस्कारे टाकू लागले. दहाव्या दिवशी मामींनी फोन करून विचारलं की एवढं काय बिनसलं. मधलीने शपथेवर सांगितलं की काही बिनसलेलं नाही, सगळं लग्नाआधी होतं तसंच आहे. मामी फोनवर रडल्या.

अठराव्या दिवशी सकाळी बाबांची कंबर धरली. साक्षीदार म्हणून त्यांची सही लागणार होती. आता दुसरं माणूस शोधायचं तर त्याला सगळं सांगावं लागणार, आणि हाताशी होती फक्त आत्या. मधलीने तिला रिक्षात घातलं आणि कुठे चाललोय ते कार्यालयाचा जिना चढताना, पायरी पायरीने सांगितलं. यादी, खोकी, नोटीस, बाबांचा गळा. आत्या ऐकत होती आणि कठड्याला धरून चढत होती. 

आत साहेबांनी नावं वाचली, दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं. सह्या झाल्या. काकूंनी केली, चष्मेवाल्याच्या मित्राने केली, आत्याने चष्मा सावरून सावकाश केली. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. साहेबांनी झालं म्हणून सांगितलं तरी मधली खुर्चीतून उठेना. आणखी काहीतरी राहिलं असणार, असं तिला वाटत होतं.

बाहेर बाकावर टेकल्यावर तिने अखेर विचारलं, “आत्या, रागावलीस?”

“छे. मला त्याच दिवशी कळलं होतं,” आत्या म्हणाली.

“कशावरून?”

“अलीकडे जेवले तेव्हा दहा जणांना विचारलं, तर म्हणाले, आत्ताच लागलं, डोळ्यांनी पाहिलं. मग पलीकडे गोड खायला गेले. तिथेही दहा जण म्हणाले, आमच्यासमोरच लागलं. एक जण तर म्हणे, सही करताना तुझा हात थरथरत होता. एवढ्या लोकांनी पाहिलंय म्हटल्यावर मी ओळखलं, हे काही लागलेलं नाही.”

“मग तू बोलली का नाहीस कोणाजवळ?” मधलीने विचारलं.

आत्याने पर्स उघडली, बंद केली.

“कशी बोलणार? तोवर मी तिघींना सांगून बसले होते, मी पहिल्याच रांगेत होते म्हणून.”