पार्टिशनचं माप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन सुतार भावांचा कारखाना आहे आणि तिथे रोज सकाळी भांडण होत असे. यात काही गैर आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. धाकटा माप घेऊन फळीवर पेन्सिलीची रेघ मारी. थोरला कानामागची पेन्सिल काढून त्याच फळीवर आपली रेघ मारी. दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत की तोंडं सुटत.

"डोळे आहेत की बटणं रे?"

"चष्मा घाल, दादा. टेपवरचे आकडे तुला आता अंदाजानेच दिसतात."

"तुला पेन्सिल धरायला शिकवली कोणी?"

"म्हणूनच चुकते!"

मग दोघे मिळून तिसऱ्यांदा माप घेत. ते बरोबर येई, करवत चाले आणि एकाच किटलीतला चहा दोघांच्या पेल्यांत ओतला जाई. इतक्या वर्षांत त्या कारखान्यातून लंगडी खुर्ची बाहेर पडली नाही. याचं श्रेय भांडणाला होतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त त्या दोघांना नव्हतं.

थोरल्याची सून एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये अधिकारी आहे. कंपनीतली माणसं भांडत नाहीत, हे पाहण्याचा तिला पगार मिळतो. तिथे तो शब्द उच्चारायलाही मनाई आहे. एका सकाळी ती सासऱ्यांचा डबा द्यायला आली आणि दारातच थबकली.

"बाबा, काका, तुम्ही भांडताय?"

"छे गं, काम करतोय," दोघे एकदमच म्हणाले.

"हे भांडण नव्हेच. हा डिफरन्स ऑफ ओपिनियन. तो रिस्पेक्ट करायचा असतो."

दोघांना हे फार आवडलं. आपल्याकडे इतकी वर्षं ओपिनियन पडून होतं आणि आपण त्याला नुसतं भांडण समजत होतो, याची थोरल्याला हळहळ वाटली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने रेघ मारली. ती चुकली होती. थोरल्याला ते दिसलं, त्याची जीभ शिवशिवली, हात कानामागे गेला. पण त्याने तो निग्रहाने खाली घेतला.

"तुझं ओपिनियन आहे. मी रिस्पेक्ट करतो."

फळी कापली गेली आणि कपाटाचं दार कपाटाला लागेना. गिऱ्हाईक तणतणत परत आलं, तेव्हा चूक कोणाची हा प्रश्न निघाला. सूनबाईंनी खुलासा केला की चूक कोणाचीच नसते, तो इश्यू असतो. इश्यू जागच्या जागी मिटवणं नियमबाह्य आहे. तो आधी रेज करावा लागतो आणि मग शनिवारच्या मीटिंगपर्यंत जपून ठेवावा लागतो. शनिवारपर्यंत दोन टेबलं, एक पलंग आणि एका पायाने अधांतरी असलेलं स्टूल एवढे इश्यू साठले. मीटिंगमध्ये दोघे इतक्या सभ्यपणे बोलले की कोणी काय बिघडवलं याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. सबब, सदर प्रकरणाला कॉन्फ्लिक्टच्या पदावर बढती देण्यात आली.

"भांडण झालं की आम्ही चहा घ्यायचो," थोरल्याने विचारलं. "कॉन्फ्लिक्ट झाल्यावर काय घेतात?"

"स्पेस घेतात, बाबा."

सोमवारी कारखान्यात दोन किटल्या आल्या. थोरला आपल्या किटलीतून सवयीने दोन पेले भरायचा आणि दुसरा पेला तसाच गार व्हायचा. मला खरंच ते बघवेना.

स्पेसला हद्द हवी, म्हणून पार्टिशन घालायचं ठरलं. बाहेरचा सुतार बोलावणं अपमानाचं आणि दोघांनी मिळून करणं धोरणाविरुद्ध. तेव्हा थोरल्याने रस्त्याच्या बाजूने निम्मं उभारावं, धाकट्याने मागच्या भिंतीकडून निम्मं, आणि मध्यावर दोन्ही जुळावीत, असा तोडगा निघाला. एकाने दुसऱ्याचं माप तपासणं हा हस्तक्षेप मानला जाणार होता.

दोन्ही अर्धी उभी राहिली, पण जुळली नाहीत. मध्ये चांगली चार बोटं फट राहिली. बघायला सगळी गल्ली गोळा झाली. फटीच्या एका बाजूला थोरल्याचा डोळा, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा.

"नो इश्यूज," थोरला म्हणाला.

"माझ्याकडूनही नो इश्यूज, दादा."

थोरल्याने फटीत बोटं घातली. एक, दोन, तीन, चारही मावली, आणि मग त्याच्यातला सुतार उसळला.

"चार बोटं? अरे शहाण्या, चार बोटं? हेच शिकवलं बापाने आपल्याला?"

"बापाने तुझं अर्धं पाहिलं असतं ना, तर तुलाच आधी बदडलं असतं!"

"इकडे ये, दाखवतो!"

"येतो! घाबरतो का तुला?"

दोघांनी तोंड भरून एकमेकांचा उद्धार केला. पार्टिशन उखडताना कुठला खिळा आधी काढायचा यावरून पुन्हा जुंपली. सूनबाईंनी दोन्हींपैकी मोठी किटली शेगडीवर ठेवली. मनाने चांगली आहे बिचारी.

ते पार्टिशन हल्ली कारखान्याबाहेर विक्रीला उभं आहे आणि त्याला मागणी भलतीच आहे. चांगली शिकलेली माणसं गाडी थांबवून चौकशी करतात. आमच्यात भांडणबिंडण काही नाही हो, असं प्रत्येक जण आधी सांगतो. जरा डिस्टन्स मेन्टेन करतोय, इतकंच. थोरला सगळ्यांना एकच उत्तर देतो. एकट्याने घेतलेलं माप आम्ही धरत नाही, ज्याच्यापासून डिस्टन्स हवं आहे त्यालाही सोबत घेऊन या. त्यानंतर कोणी फिरकत नाही.

परवा तुम्हीही विचारून गेलात म्हणे. दोघं मिळून कधी येताय, तेवढं थोरल्याने विचारायला सांगितलंय.