आधी दार बघायचं

आमच्या वस्तीतले लक्ष्मण आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडं बघायचे नाहीत, दाराकडं बघायचे. उंबऱ्यात उभं राहून कडी वर-खाली करणार, दार आत उघडतं की बाहेर ते बघणार, वाटेतल्या चपला पायानं बाजूला सारणार. दाराआड धान्याचं पोतं दिसलं तर विचारणं-पुसणं नाही, स्वतःच ओढायला लागणार. एवढं झालं की दाराला चिकटून बसणार. तुम्ही खुर्ची द्या, पलंग द्या, गादी द्या. हातभर आत सरकतील तर शपथ.

"आधी दार बघायचं, गड्या. मानूस काय, नंतर बी बघता येतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य.

आप्पांची सगळी नोकरी कोयनानगरच्या कॉलनीत वायरमन म्हणून झालेली. तिथं जमीन अधूनमधून हलायचीच. फळीवरची भांडी वाजली की जेवतं ताट घेऊन अंगणात यायचं आणि हलायचं थांबलं की उरलेली भाकरी आत जाऊन खायची, असा तिथला संसार. बायको तिकडंच आजारानं गेली. मूलबाळ नव्हतं. रिटायर होऊन आप्पा गावी आले ते एक ट्रंक आणि ही सवय घेऊन. गावानं लगेच नाव ठेवलं, दारआप्पा.

दार बघून झालं की त्यांचा प्रश्न यायचा, आणि तो ऐकून घरच्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. "ह्या घरात दारापासनं सगळ्यात लांब कोन झोपतं?"

हा प्रश्न त्यांनी माझ्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात विचारला! मिरजेला गेलो होतो. वडीलधारे म्हणून आप्पांना सोबत नेलं, ही माझी अक्कल. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, मी घामाघूम, आणि आप्पा मुलीच्या वडलांना म्हणाले, "जय भीम. पोरगी दारापासनं किती लांब झोपती?" वडलांच्या हातातली बशी तिरकी झाली. मी जमिनीत गडप व्हायची वाट बघत बसलो. तरी लग्न झालं. सुनंदा आजही म्हणते, "तुम्ही कुठं काय विचारलंत? मी आप्पांकडं बघून हो म्हटलं."

एकदा मी वैतागून त्यांनाच विचारलं, "आप्पा, तुमच्या घरात दारापासून लांब कोण झोपतं?"

"माझ्या? लांब बी मीच, जवळ बी मीच," म्हणाले आणि हसले. मग मीही हसलो.

आता आमच्या गल्लीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव उतारावर. वरच्या आळीच्या मोऱ्या, न्हाणीघरं, गोठे, सगळ्याचं पाणी उतरून आमच्या बौद्धवस्तीत यायचं आणि आमच्या दारांसमोरून उघड्या गटारानं ओढ्याला जायचं. गटार कसलं, छोटी नदीच! घाण त्यांची आणि वास आमचा, अशी वाटणी कधी कुणी केली ते माहीत नाही, पण ती कुणी मोडलीही नव्हती. दारातून बाहेर पडायचं म्हणजे गटारावरच्या फळीवरून. फळी चुकली की संपलं.

नव्वदच्या दशकात एका वर्षी पहाटे भूकंपाचा धक्का बसला. अख्खी वस्ती दारातून बाहेर पळाली आणि अख्खी वस्ती गटारात पडली. अंधारात फळी कुणाला दिसणार? आमचे वडील पडले, त्यांच्यावर मी पडलो, माझ्यावर शेजारची शेळी पडली. उजाडल्यावर एकमेकांची तोंडं बघून लोक पोट धरधरून हसले. पण समोरच्या सखूआत्या हसल्या नाहीत. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मिरजेला ऑपरेशन झालं, तरी त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. मागच्या भिंतीशी त्यांची खाट पडली ती पडलीच.

त्या दिवसापासून आप्पांचं लक्ष दाराबरोबर गटारावरही बसलं.

पुढं सरकारकडून गावाला भूकंपाचा निधी आला. शाळेची तडकलेली भिंत झाली, घरांची डागडुजी झाली, तरी पैसे उरले. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, गावाच्या वेशीवर छान कमान बांधू. टाळ्या पडल्या. आप्पा दाराशी बसले होते, तिथूनच उठले.

"सरपंच, धक्का बसला की पयली काय पडती? कमानच पडती. भूकंपाच्या पैशानं भूकंपात पडायची वस्तू बांधायची व्हय? आमचं गटार बुजवा. वरचं पानी वरच जिरवा."

तालुक्याहून आलेले साहेब सज्जन होते, पण नियमाचे. म्हणाले, "आप्पा, तुमचं म्हणणं खरं आहे. पण हा निधी भूकंपाचा आहे, गटाराचा नाही."

आप्पा भांडले नाहीत, तिथंच मला शंका यायला हवी होती. लगेच हात जोडून म्हणाले, "बरुबर हाय, साहेब. मग च्या तरी घ्या गरिबाघरी."

साहेब आले, सरपंच आले, मीही गेलो. आप्पांनी पाहुण्यांना पार आत, मागच्या भिंतीशी बसवलं. स्वतः दारात. कपबशा हातात आल्या, साहेबांनी पहिला घोट घेतला, आणि आप्पांनी कोपऱ्यातल्या भांड्यांच्या उतरंडीला लाथ घातली. असा धडाका झाला म्हणता! वर त्यांनी बोंब ठोकली, "भूकंप! पळा, साहेब, पळा!"

सरपंच त्या वयात इतके चपळ असतील असं वाटलं नव्हतं. परीटघडीचं धोतर सावरत ते पहिले उडाले ते थेट गटारात. मागोमाग साहेब, कपासकट.

आप्पा दारात शांत उभे. "साहेब, आता तुमीच सांगा. हे गटार भूकंपात येतंय का न्हाई?"

साहेब गुडघाभर घाणीत उभे होते. त्यांनी पँटकडं बघितलं, सरपंचांकडं बघितलं आणि त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढून पुसायला लागले. साहेब हसताहेत म्हटल्यावर सरपंचांनाही हसणं भाग पडलं. फार अवघड हसले बिचारे.

साहेबांनी वर बोलून, भांडून ते काम निधीत बसवलं. वरच्या आळीत घरोघरी शोषखड्डे झाले. आमचं गटार बुजलं, त्यावर फरशी बसली. वरचे लोक कुरकुरले, की आमच्या अंगणात खड्डे कशाला? आप्पा म्हणाले, "आमच्या दारात इतकी वर्सं पाहुनचार केला तुमच्या पान्याचा. आता ऱ्हाऊ द्या की घरातलं घरात!" फरशी झाली त्या दिवशी पोरं कोरड्या गल्लीत अनवाणी लोळली. माझी आई फरशीवर मांडी घालून गहू निवडत बसली. गटाराच्या जागी बसलेली आई बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू!

त्यानंतर एका रविवारी दुपारी मी आप्पांकडं चहाला गेलो होतो. मिरजेजवळ विश्रामबागेत माझी नोकरी, सुट्टीला गावी यायचो. चहा ओततानाच भांडी वाजली. या वेळी कुणी लाथ घातली नव्हती. मी मान वर केली तोवर आप्पा दारातून गायब!

मी पळत बाहेर आलो. गल्ली माणसांनी भरली होती. कुणी अर्धी दाढी केलेलं, कुणी पोर कडेवर घेतलेलं, पण सगळे कोरडे. फरशीवर उभे राहून लोक हसत होते.

"दारआप्पा कुटं हाय?"

"त्यो सगळ्यांच्या आदी पळाला! ओढ्यापल्याड पोचला असंल!"

मीही हसलो. पण जमीन थांबली तरी आप्पा दिसेनात. मग सखूआत्यांचं दार सताड उघडं दिसलं. त्यांचा मुलगा-सून रानात गेले होते. मी आत धावलो.

मागच्या भिंतीशी आत्यांची खाट, आणि खाटेला टेकून आप्पा उभे. दोन्ही हातांनी भाकरीची परात आत्यांच्या डोक्यावर धरलेली. परातीत कौलाचा तुकडा पडला होता.

"आरं, नीट धर की, नाकाला लागती माझ्या," आत्या करवादत होत्या.

"गप पड, बये. लय बोलतीस."

"आप्पा, बाहेर का नाही आलात?" मी ओरडलोच.

"हिला एकट्यानं उचलवत न्हाई, रं."

"अहो, पण मग दाराशी कशाला बसता जन्मभर?"

त्यांनी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "आत बसलो तर दुसऱ्याच्या घरात कवा पोचायचं?"

एवढी वर्षं आम्ही या माणसाला भित्रा म्हणून हसत होतो.

गल्लीतल्या दोघांना हाक मारली आणि आम्ही चौघांनी खाट उचलून बाहेर आणली. आत्यांनी कितीतरी दिवसांनी आभाळ बघितलं आणि चहा मागितला. तेव्हापासून त्यांची खाट दाराशीच असते.

जमीन आमच्याकडं अजूनही हलते. भांडी वाजली की आम्ही कोरड्या गल्लीत जमतो आणि खाटेवरून आत्यांची पहिली हाक जाते, "आप्पा निघाला का रं?" आप्पांच्या घरातून आवाज येतो, "निघालो, बये, निघालो." आप्पा बाहेर आल्याशिवाय आत्या गप्प बसत नाहीत.

हल्ली आप्पा जरा उशिराच निघतात. वय झालंय म्हणतात. मला मात्र वाटतं, ती हाक येईपर्यंत ते दाराआड उभे असतात.