लक्षपूर्वक झोप

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही एका मोठ्या सभागृहात बसला आहात. पायात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता आहेत, हीटर चालू आहे आणि समोर एक विद्वान गृहस्थ एकाच सुरात वाचत आहेत. कल्पना करा, पण डोळे मिटू नका. जपानात भरसभेत डोळे मिटण्याला फार मान आहे, आणि तो मान तुम्हाला एवढ्यात पेलायचा नाही.

हिरानुमा आजोबा नागानोच्या डोंगरातल्या एका गावात बालवाडीची बस चालवायचे. गेल्या हिवाळ्यात एका वळणावर बस बर्फावरून घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. एकाही मुलाला खरचटलं नाही, उलट पोरं म्हणाली, "आजोबा, पुन्हा करा ना." आजोबांची झोप मात्र त्या दिवसापासून उडाली. बस कंपनीने अतिशय नम्रपणे कळवलं, की आजोबांना झोप लागते असं निद्रा व मनःस्वास्थ्य संशोधन केंद्राने सांगितलं तर बसची किल्ली त्यांच्याकडेच राहील. नाही तर ती परत करावी. बस चालवण्याखेरीज आजोबांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं वाटतही नव्हतं.

केंद्रात तेव्हा झोपेच्या एका नव्या गोळीवर संशोधन चाललं होतं. आजोबांनाही त्यातच घेतलं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना साखरेची. कुणाला कुठली, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. गोळी देण्याआधी नियमाप्रमाणे माहितीसभा. संचालक कुसाकाबे गोळीचे संभाव्य दुष्परिणाम वाचू लागले. तोंडाला कोरड, डोकं जड, हातापायांना मुंग्या. ते मुंग्यांपर्यंत पोचले तेव्हा अख्ख्या सभागृहाने माना टाकल्या होत्या. आजोबांनीसुद्धा. कित्येक महिन्यांत त्यांना इतकी गाढ झोप लागली नव्हती. जागी होती ती फक्त त्यांची नात कोतोने. शाळेला सुट्टी म्हणून ती सोबत आली होती आणि भाताचा गोळा कुरतडत बसली होती.

रात्री केंद्राच्या खाटेवर मात्र कुणाचाच डोळा लागला नाही. दिवसा भरपेट झोपलेला माणूस रात्री कशाला झोपतोय? केंद्राने निष्कर्ष काढला, की गोळीची मात्रा कमी पडते. मात्रा वाढली, तसे दुष्परिणाम वाढले. दुष्परिणाम वाढले, म्हणून सभा लांबली. सभा लांबली, म्हणून लोक सभेत आणखी झोपले आणि रात्री आणखी जागले. तेव्हा मात्रा पुन्हा वाढवण्यात आली. वसंतात साकुराची झाडं फुलेपर्यंत सभा न्याहारीपासून थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू लागली होती, आणि साखरेची गोळी खाणाऱ्यांच्याही हातापायांना मुंग्या येत होत्या.

शेवटी आजोबांनी संचालकांना गाठलं. अंगात होती नव्हती ती हिंमत गोळा करून म्हणाले, "सर, मला झोप लागते. इथंच लागते, तुमच्या सभेत."

संचालकांनी कमरेत वाकून त्यांचे आभार मानले. "ती झोप नव्हे हो, हिरानुमासान. ती इनेमुरी."

हजर राहून डोळे मिटण्याला तिथे इनेमुरी म्हणतात. माणूस कामाने इतका दमलाय आणि तरीही सभेला आलाय, असा त्याचा अर्थ. त्याला झोप म्हणणं हा त्या माणसाचा अपमान. आजोबांइतकं मन लावून ऐकणारा माणूस केंद्राला आजवर मिळाला नाही, असंही संचालकांनी सांगितलं.

"पण आजोबा घोरत होते," कोतोने म्हणाली.

"ते होकार देत होते, बाळ."

"मग मी वर्गात झोपले की आमच्या बाई मला का उठवतात?"

"तू अजून तेवढी दमलेली नाहीस."

निकालाच्या सभेला बस कंपनीचे दोन अधिकारी आले. आजोबांनी किल्ली टेबलावर ठेवली. बालवाडीच्या पोरांनी तिला लोकरीचं घुबड बांधलेलं होतं. संचालक वाचू लागले. अधिकारी पहाटेच्या गाडीने आले होते. पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांच्या माना लवल्या. आजोबांची तर त्याही आधी.

"सबब, हिरानुमा यांना झोप लागत नाही हे सिद्ध झाले आहे. किल्ली परत घेण्यात यावी. कुणाची हरकत?"

एका अधिकाऱ्याची मान आणखी खाली गेली. संचालकांनी ती संमती म्हणून टिपून घेतली.

कोतोनेने हात वर केला. "माझी आहे. बघा ना, आजोबा आत्ता झोपलेत."

संचालक मायेने म्हणाले, "बाळ, तू सबंध सभाभर टक्क जागी होतीस. इकडेतिकडे बघत होतीस. ज्याचं सभेत लक्ष नव्हतं, त्याची हरकत कशी धरायची?"

मुलांनो, तुम्हीही इथवर डोळे उघडे ठेवून आलात. तुमचीही धरली नसती.

कोतोनेने जरा विचार केला. उरलेला भाताचा गोळा खाली ठेवला, ओठाला चिकटलेलं शीत पुसलं आणि खुर्चीत रेलली. डोळे मिटले. हनुवटी छातीवर टेकवली. थोडीशी घोरलीसुद्धा.

आणि तसाच, डोळे न उघडता, हात वर केला.