थूल काका आणि सुटा कीबोर्ड

आमचे थूल काका कोणत्याही नव्या वस्तूला आधी उलट्या हाताने शिवतात. फ्रीज असो, एटीएम असो, पाहुण्यांनी आणलेला मिक्सर असो, बोटांच्या पाठीने हलकाच एक स्पर्श, मगच पुढची बोलणी. वीज खात्यात ते जन्मभर लाइनमन होते. "सरळ हातानं धरलं अन् करंट असला तं मूठ आवळते, मंग सुटत नाई," हे त्यांनी अख्ख्या देवळी गावाला एकेकदा तरी ऐकवलंय.

माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान. काकांचं घर दुकानाच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे रिटायर झाल्यापासून दुकानातलं एक स्टूल त्यांचंच. मी कॉम्प्युटरचं कुठलंही बटण दाबायला गेलो की विचारणार, "प्रशांत, लाइन क्लिअर घेतला का?" म्हणजे तारेला हात लावण्याआधी साहेबाकडून घ्यायची परवानगी. आता झेरॉक्सच्या दुकानात साहेब कुठून आणू? पण 'घेतला' म्हटल्याशिवाय बटण दाबू देतील तर शपथ!

मागल्या पोळ्याच्या आसपास काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा बसली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, जीभच वळत नाही. लेकीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. काकू डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायच्या, 'पाणी', 'उशी', 'पंखा'. त्या बोटावर घर चाललं होतं.

एका दुपारी त्या काहीतरी लांबलचक लिहायला लागल्या आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. अपडेट चालू आहे, बंद करू नका! चाळीस मिनिटं. काकूंचं बोट तसंच अधांतरी, डोळ्यांत पाणी, आणि काका घामाघूम. चक्र थांबलं तोवर काकूंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. त्या दिवसापासून काकांनी हाय खाल्ली.

"मले असं मशीन पाह्यजे," ते दुकानात येऊन म्हणाले, "जे मधातच तुह्या काकूचं तोंड दाबणार नाई."

मी म्हटलं, विंडोज काढून लिनक्स टाका. माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तेच आहे. अपडेट करायचं की नाही हे आधी विचारतं.

"विचारते? मंजे लाइन क्लिअर घेते!" झालं, काकांचं ठरलं. पुढचा शहाणपणा माझा. काकूंना पडदा डोळ्यांसमोर हवा आणि कीबोर्ड मांडीजवळ, डाव्या हाताखाली. तेव्हा कीबोर्ड सुटा होणारा टॅब्लेट घ्या, असं मी बोलून गेलो आणि अख्खा मे महिना डोक्याला ताप करून घेतला.

दर रविवारी आम्ही वर्ध्याला. खिशात पेनड्राइव्ह, त्यात लिनक्स. टॅब्लेटला लावून आधी चालवून बघायचं, मगच घ्यायचं. दुकानदार आम्हाला बघून कपाळाला हात लावायचे. काका आधी उलटा हात लावणार, मग म्हणणार, "कर चालू." एकावर बोटाचा स्पर्शच कळेना. एकावर आवाज नाही. बहुतेकांचे कीबोर्ड पिनांवर चालणारे, टॅब्लेटपासून काढले की मेले. "मंग सुटा कायले म्हणता?" काका दुकानदारावर खेकसले. "सुटल्यावर चालतच नाई तं सुटून फायदा काय?"

एक मात्र सगळ्यात पास झाला. काका म्हणाले, आता झोपव त्याले. झोपवला. उठव म्हणाले. तो काही उठेना. काळा पडदा, नुसता काळा. काका पडद्यावर वाकले. "उठव न बाप्पा त्याले. प्रशांत, उठव लवकर!" दुकानदार फिदीफिदी हसला, "काका, मशीन आहे ते." मला हसू आलं नाही. दुपारी माझ्या दुकानातून मध्येच उठून हा माणूस घरी जातो आणि झोपलेल्या काकूंच्या नाकाशी बोट धरून उभा राहतो, हे मी त्यांच्या खिडकीतून पाहिलंय.

शेवटी एक सेकंडहँड टॅब्लेट सापडला. त्याचा कीबोर्ड सुटल्यावर ब्लूटूथवर चालत होता. काकांनी तो एकवीस वेळा झोपवला, एकवीस वेळा उठला. लिनक्सवर त्याचा कॅमेरा तेवढा चालेना. "नसू दे," काका म्हणाले, "तिले कोनाले पाह्यचं नाई."

घरी आल्यावर मी पडदा स्टँडवर लावला, कीबोर्ड काकूंच्या हाताखाली सरकवला. काका उंबऱ्यातच थांबले, चौकट धरून. "बॅटरी पाह्यली का?" माझ्या कानाशी कुजबुजले. काकूंचं बोट हळूहळू फिरत राहिलं. मग पडद्यावर ओळ उमटली.

'मुकी मी झाली. तुम्ही काऊन बोलत नाई?'

मला वाटलं मलाच विचारतायत. मग दिसलं, त्या काकांकडे बघत होत्या.

आठ-नऊ महिने भिंतीपलीकडून आवाज नव्हता. काकूंना बोलता येत नाही म्हणून, असं मी धरून चाललो होतो. अरे, पण काकांना तर येत होतं! माझं डोकं खाणारा हा माणूस घरात पाय टाकला की गप्प होत होता, आणि मला मूर्खाला ते कळलंही नाही.

काका बोलले तेही माझ्याशीच. "खांबावर मानूस असला का आमी खालून आवाज देत नाई. दचकते, हात सुटते त्याचा. म्या म्हनलं, आपुन बोललो तं हिलेबी बोलासाठी जोर लावा लागन... अन् त्या जोरात काही झालं तं? लय भेव वाटे मले."

काकूंचं बोट पुन्हा फिरायला लागलं. या वेळी काका स्वतः पुढे झाले वाचायला.

'मी खालीच आहो. बोला.'

काका पलंगाच्या कडेला बसले. मी चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, नव्यानेच बोलायला शिकल्यासारखा.

"वर्ध्यात आज लय ऊन होतं, मंदा."