मनमाड मुक्कामी भरलेल्या संमेलनाची हकीकत

श्री. जे घडते ते कारणावाचून घडत नाही. त्या कारणास आधी वंदन. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, पौष वद्य पंचमी, बुधवारी, आंतरजालावरील एका राज्याचे पहिले प्रत्यक्ष संमेलन मनमाड मुक्कामी भरले. स्थळ आणि दिवस रयतेच्या कौलाने ठरले होते, विरोध एकाचाही नव्हता, "अवश्य येतो" ऐसे शंभरांवर असामींनी कौलाआधीच लिहून दिले होते, आणि संमेलनास एक मनुष्य आला.

तो मनुष्य म्हणजे राज्याचे कारभारी रंगनाथपंत देवस्थळी, सांगलीकर. हयात प्रयोगशाळेत गेलेली. काटा शून्यावर आणल्याखेरीज मोजणीस हात लावावयाचा नाही, ही शिस्त. राज्य ऐसे की त्यास भूमी नाही, तट नाही, पडद्यावर अक्षर उमटेल तेवढाच मुलूख. परंतु तेथे मंडळी वर्षानुवर्षे नांदली, भांडली, एकमेकांची दुखणीखुपणी पुसती जाहली, आणि कोणी कोणाचे तोंड पाहिले नाही. मग पंतांचे नेत्र बिघडले. वैद्यांनी तपासून सांगितले जे, "दृष्टीचा मधला भाग जात आहे. कडेचे दिसत राहील, चालाल, फिराल. परंतु समोरच्याचा चेहरा दिसणार नाही. उन्हाळ्यापर्यंत धरून चाला." पंतांनी हे वर्तमान कोणास कळविले नाही. दुखणे सांगून कौल फिरविणे त्यांस अशास्त्रीय वाटले. इतकेच लिहिले की, यंदा संमेलन व्हावे.

त्यावर राज्यात एकच धामधूम जाहली. पुणेकरांनी पुणे मांडिले, आणि मुंबईकरांनी विचारिले की दुपारी झोपणाऱ्या शहरात संमेलन घेऊन पाहुण्यांनी दार किती वेळ वाजवावे, आणि पुणेकरांनी उत्तर धाडिले की दार वाजविण्यापूर्वी पाटी वाचावी, आणि मग नाशिककर, कोल्हापूरकर ज्याचे त्याचे निशाण घेऊन मैदानात उतरले. पंतांनी दोन दिवस हे पाहिले, आणि मनी आणिले की हा सारा स्वार्थाचा दोष. तो कौलातून वजा जाहला पाहिजे. मग हुकूम काढिला: कोणी आपले गाव सुचवू नये, आपल्या सोयीचा दिवस सुचवू नये, इतरांचे हित पाहून कौल द्यावा.

रयत थक्क जाहली. भांडण तत्क्षणी शमले. न्याय पाहावा तर पंतांचा, ऐसा बोलबाला जाहला. एक मंदाकिनीबाई सरपोतदार, नागपूरच्या शिक्षिका, पंतांशी नित्य वाद घालणाऱ्या, त्यांनी लिहिले, "पंत, नागपूरकराला नागपूर म्हणू द्यायचं नाही? पंगतीला बसवून भुकेचं नाव काढू नका म्हणता!" पंतांनी उत्तर दिले, "बाई, यास पूर्वग्रह म्हणतात." बाईंनी लिहिले, "म्हणत असतील. आमच्याकडे याला आग्रह म्हणतात." आणि हुकूम मानिला. मग कौल पडला. मनमाड आणि बुधवार पुष्कळ मतांनी वर आले. ऐसा निर्मळ कौल पंतांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

मग नेमल्या दिवशी पंत सकाळच्या गाडीने उतरले आणि ठरविलेल्या मंगल कार्यालयात दाखल जाहले. व्यवस्थापक खैरनार यांनी खुर्च्या मांडिल्या होत्या, उपम्याचे पातेले झाकून ठेविले होते. पंत दाराकडे तोंड करून बसले, की येणाऱ्याचा चेहरा उजेडात नीट दिसावा. दहा वाजले, अकरा वाजले, आणि "या खेपेस जमत नाही, बाकीच्यांना नमस्कार सांगा" ऐसे निरोप एकामागून एक येऊ लागले. बाकीचे आले असतील, ऐसे प्रत्येकास वाटत होते. तेथे ते नव्हते. उपमा निवाला. खैरनार जवळ आले आणि हलक्या आवाजात पुसते जाहले, "काका, लग्न मोडलं का हो?" पंत बोलिले, "लग्न नव्हते." खैरनार बोलिले, "मग बरंय. मुलीकडच्यांचं फार वाईट वाटतं बघा." आणि पंतांपुढे चहा ठेवून गेले.

पंतांनी मंदाकिनीबाईंस फोन लाविला. मधल्या सुट्टीचा गलबला ऐकू येत होता. "बाई, आपण तरी याल ऐसे वाटले होते."

"अहो पंत, बुधवारी मला कधी जमलंय? शाळा असते ना माझी!"

"मग बुधवारास कौल का दिलात?"

"अहो, मला जमत नाही म्हणूनच दिला! तुमचाच नियम ना? मला वाटलं, बाकी सगळ्यांना सोयीचा असेल."

पंतांनी फोन ठेविला. मग सोलापूरच्या मुनीर सय्यदांस फोन लाविला. त्यांचा चादरींचा कारखाना, आणि बुधवारी माल निघतो, हेही तेव्हाच कळले. पंतांनी विचारिले, "आणि सोलापूर ठरते तर?"

"सोलापूर म्हणला असता तर गच्चीवर मांडव टाकलो असतो की हो! चाळीस माणसं घरीच उतरवलो असतो. पण तुम्ही तोंडच शिवलात, पंत."

"ऐसे आणखी कोणी असतील?"

"आता काय विचारून करता? सगळेच असतील की."

पुढील संमेलन केव्हा, हे मुनीरसाहेबांनी विचारिले. पंतांनी सांगितले, उन्हाळ्यानंतर पाहू. आणि फोन ठेविला, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून, सवयीप्रमाणे, कारणाचा विचार आरंभिला.

तात्पर्य. कोणी खोटे बोलले नाही. कोणास भेटीची इच्छा नव्हती, ऐसेही नाही. जेथे ज्याचे घर आणि मांडव, ते नाव घेण्यास त्यासच मनाई होती. मनमाडास राज्यातील एकही असामी राहात नव्हता, सबब ते नाव घेण्यास कोणासच मनाई नव्हती. बुधवार ज्यांस अडचणीचा, त्यांनीच तो निवडिला. पंतांनी दोष म्हणून जे वजा केले, तेच मोजावयाचे होते.