घोंगडीचे शीड

बबनराव सुताराने नव्या होडीत बसायची फळी जेमतेम चार बोटे रुंद ठेवली, तेव्हाच रोहिदासने आईपुढे तोंड उघडले होते.

"आई, हिच्यावर मानसानं बसायचं कसं? फळी जरा रुंद घिऊ. वर सावलीला ताडपत्री टाकू. आरामशीर हुईल."

रंगुबाईंनी मुलाकडे नुसते पाहिले. वडगाव रासाईत त्या नजरेपुढे भलेभले खुर्ची सोडून उभे राहत.

"ताडपत्री? इहीणबाईला आनायचं हाय का कांद्याच्या गोन्या?"

"आगं, पन पाठ धरंल की म्हातारीची."

"मानानं येनाऱ्या मानसाची पाठ धरत न्हाई. बबनराव, चित्रात हाय तशीच करा."

चित्र म्हणजे खताच्या दुकानाने वाटलेल्या कॅलेंडरावरचे. निळ्या समुद्रावर शिडाची एक होडी. नाक आभाळाकडे, कंबर बारीक, आणि डौल असा की जणू नवी नवरी उंबरठ्यावरचे माप ओलांडते आहे. साल उलटले तरी रंगुबाईंनी ते कॅलेंडर खिळ्यावरून उतरू दिले नव्हते.

वास्तविक भीमा ओलांडायला घरचे वाहन होते. ते म्हणजे गुऱ्हाळातली जुनी काहील. उसाचा रस आटवून आटवून तिचे बूड झिजले, तेव्हा तिला चुलवणावरून उतरवून नदीत सोडले. चार माणसे, दोन शेळ्या आणि घासाचा भारा ती बिनतक्रार पलीकडे नेई. दोष एकच. त्या गोल कढईला पुढची बाजू अशी नव्हती. त्यामुळे जाता जाता ती स्वतःभोवती फिरे, आणि आत बसलेल्याला दोन्ही काठांचे तालुके आळीपाळीने दिसत: शिरूर, दौंड, शिरूर, दौंड.

नऊ वर्षांपूर्वी रंगुबाईंच्या विहीणबाई, म्हणजे सून सुषमाची आई बानूबाई, केडगावाकडून लेकीचा संसार पाहायला याच काहिलीतून आल्या. काठावर उतरल्या, तीन पावले आडवी टाकली आणि मटकन वाळूत बसल्या. स्वागताला उभ्या असलेल्या रंगुबाई म्हणाल्या, "गूळ झाला का, इहीणबाई?" सगळा घाट हसला. रंगुबाईंच्या मते ते तिथेच संपले. मात्र त्यानंतर बानूबाई कधी आल्या नाहीत. यष्टीने वळसा घालून यावे, तर त्यांना पहिल्याच वळणावर मळमळे. रंगुबाई दरसाल रोहिदासबरोबर निरोप धाडत, आणि तिकडून दरसाल एकच उत्तर येई, "बघू म्होरं." बानूबाई काहिलीला भ्याल्या, असा निकाल रंगुबाईंनी दिला होता, आणि त्यांच्या निकालावर त्या घरात अपील नव्हते.

पण यंदा सुषमाला तिसऱ्यांदा दिवस गेले, आणि जिचा आवाज चुलीपलीकडे कधी ऐकू आला नव्हता, ती सातव्या महिन्यात चारचौघांत म्हणाली, "आत्याबाई, बारशाला माझी आई पायजे. ती आल्याबिगर मी लेकराला पाळन्यात घालायची न्हाई."

रंगुबाईंना आधी राग आला. मग त्यांना असा भास झाला, की हा आवाज आपण पूर्वी कुठेतरी ऐकला आहे. थोड्या विचारांती तो स्वतःचाच निघाला. त्याच दिवशी त्यांनी बबनरावाला बोलावणे धाडले.

होडी झाली. तिचे बूड परातीसारखे सपाट पाहून रोहिदासने विचारले, "बबनराव, खाली कायतरी आसंल की हिला. लाटत कलंडू नये म्हनून?"

"आसंल. पन पान्याखालचं चित्रात छापलेलं न्हाई. जेवढं दिसलं तेवढं केलं," बबनराव म्हणाले. मग ते रंगुबाईंकडे वळले. "आक्का, आता शिडाला कापड द्या. हलकं लागतं म्हनत्यात."

"कोन म्हनतंय? तुमी दर्या बघितलाय का?"

"न्हाई बा. तुमी?"

"मी कॅलेंडर बघितलंय."

रंगुबाईंनी ट्रंक उघडली आणि काळी, पांढऱ्या काठाची घोंगडी बाहेर काढली. सासऱ्यांच्या कळपाच्या लोकरीची, घरच्याच मागावर विणलेली. पुढे मेंढरे गेली, मळा आला, ऊस आला. त्या रानोमाळ हिंडण्याची खूण म्हणून एवढी घोंगडी राहिली होती. चिंचोक्याची खळ दिली की घोंगडी ताठ राहते, हे त्या घरात पोरांनाही ठाऊक होते. रंगुबाईंनी खळ दोनदा दिली. परिणाम असा झाला की वारा असो नसो, शीड फुगलेलेच.

सुषमाला मुलगी झाली. दोन नातवांवर नात म्हणून रंगुबाईंनी गावभर पेढे वाटले. अकराव्या दिवशी विहिणीला आणायला रोहिदास निघाला, तेव्हा इरकली लुगडे नेसून, नाकात नथ घालून रंगुबाई आधीच होडीत बसलेल्या.

"तू कशाला, आई?"

"आशी होडी काय मोकळी न्यायची?"

घाटावर निम्मे गाव जमले होते. शीड डौलात उभे, रंगुबाई त्याहून डौलात. रोहिदास खाली वाकून घामाघूम होईतो वल्हे मारत होता, पण श्रेय सगळे शिडाला गेले. चार बोटांची फळी रंगुबाईंच्या हाडांना एकेक करून भेटत होती. मध्यावर त्यांच्या पाठीतून कळ निघाली.

"कसं वाटतंय, आई?"

"झ्याक," रंगुबाई दात आवळून म्हणाल्या.

पलीकडच्या काठावर बानूबाई ट्रंक आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रंगुबाईंकडे पाहिले आणि त्या पाहतच राहिल्या.

"आवं, तुमी? सोता?"

"मंग! कशी हाय?"

"कोन?"

"होडी वो!"

"होडी व्हय? हां, हाय की चांगली," बानूबाई म्हणाल्या आणि पुन्हा रंगुबाईंकडेच पाहू लागल्या. रंगुबाईंना वाटले, विहीण डौलाने दिपली.

परतताना मात्र माघाच्या दुपारचा वारा उठला. शिडाने तो अंगावर घेतला आणि बुडाशी काहीच नसलेली होडी एका कुशीवर वळली. घोंगडीचे टोक पाण्यात गेले. लोकर पाणी पिऊ लागली. नऊ वर्षांची तहान असल्यासारखी प्यायली. खळ विरघळली, आणि इतका वेळ ताठ उभे असलेले शीड दोन्ही विहिणींच्या डोक्यावर ओल्या मेंढीसारखे येऊन पडले.

"आगं बया! हे काय म्हनायचं?" आतून बानूबाईंचा आवाज आला.

"कायबी न्हाई. शीड हाय," रंगुबाई म्हणाल्या.

"वास तर वळखीचा येतोय. बकऱ्याचा हाय का मेंढीचा?"

"आमच्या मामंजींच्या मेंढरांचा," रंगुबाईंनी अंधारातूनही अभिमान सोडला नाही.

रोहिदासने घोंगडी ओढून बाजूला केली, तोवर होडी वाळूच्या उंचवट्यावर जाऊन रुतली होती. भोवती गुडघाभर पाणी. दोघींच्या लुगड्यांवरून चिकट खळ ओघळत होती. एवढ्यात मागून आवाज आला, "काकी, दमानं! आलो मी!" रंगुबाईंचा पुतण्या मल्हार बांबूने रेटा देत काहील घेऊन येत होता.

"ह्याला कुनी सांगितलं?" रंगुबाईंनी विचारले.

रोहिदास पाण्याकडे पाहू लागला. "मी. काल. म्हनलं, आसावी मागं."

आणखी नवल पुढे होते. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्या बानूबाईंनी लुगडे खोचले, पाण्यातून चालत जाऊन काहिलीत पाय टाकला आणि त्या ऐसपैस पाय पसरून बसल्या. तळाला उसाचे पाचट अंथरलेले होते.

"या की, इहीणबाई! लाजता काय? गादीवानी लागतंय बगा."

रंगुबाईंनी उभ्या हयातीत काहिलीत पाय ठेवला नव्हता. ती गड्यामाणसांची सवारी होती. पण फळीवर परत बसायला पाठ तयार होईना. त्या उतरल्या, चढल्या, आणि पाचटावर टेकताच त्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला, की मल्हारने तोंड फिरवले. काहील निघाली. शिरूर, दौंड, शिरूर.

"इहीणबाई," रंगुबाईंनी विचारले, "तुमी हिला भेता न्हवं?"

"मी? आवं, पान्यातनं मेंढरं उतरीत जलम गेला माझा. कढईला काय भ्यायचं?"

"मंग नऊ वर्सं का आला न्हाईत?"

बानूबाई लाडवांच्या डब्याचे झाकण घट्ट करीत राहिल्या. काहिलीने एक पुरता फेरा घेतला.

"तुमी समद्यांम्होरं हसला व्हता. त्याचंबी काय न्हाई, मानूस हसतं. पन मंग न्यायला कवा आला न्हाईत. निरोप धाडला. निरोपावर खुरपायला बाया येत्यात. इहिनीला न्यायला इहिनीनंच यावं लागतं." आणि मग हलकेच, "आज आला. पावलं."

या घरात सून आणताना मांडवाच्या दारी याच बाईच्या गळ्यात पडून रंगुबाईंनी "आपली भेट चुकू द्यायची न्हाई" असे म्हटले होते, ते त्यांना आठवले. होडी चांगली झाली असती तर उद्याही त्या तिच्यात बसून डौलच मिरवत राहिल्या असत्या, आणि हे त्यांना कधी कळलेच नसते. बबनरावाने पाण्याखालचे गाळले, याबद्दल त्यांनी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

काहील काठाला लागली. रंगुबाई उतरल्या. तीन पावले आडवी टाकली आणि मटकन वाळूत बसल्या.

हसायची घाटावर कुणाची छाती नव्हती. ओसरीवरून बाळाला घेऊन धावत आलेली सुषमा जागीच थबकली. बानूबाई सावकाश उतरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गूळ झाला का, इहीणबाई?"

रंगुबाईंनी वर पाहिले. आणि आधी त्याच हसल्या.

"झाला! नऊ वर्सं चुलीवर व्हता. आज उतरला."

मग घाट हसला. सुषमाही हसत होती, पण तिचे डोळे पुसायला पदर पुरत नव्हता. रंगुबाईंनी नातीला तिच्या हातून घेतले आणि आधी बानूबाईंच्या ओटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी थाटात बारसे झाले, आणि मुलीचे नाव सृष्टी ठेवले. होडी आता परसात असते. तिच्या फळीवर कोंबड्या ओळीने बसतात. त्यांना चार बोटांची रुंदी नेमकी पुरते. पाहुण्यांना आणायला रंगुबाई स्वतः जातात, काहिलीतून, पाचटावर पाय पसरून.

बारशाच्या सकाळी घोंगडी कडक उन्हात वाळली, तेव्हा सुषमाने विचारले होते, "आत्याबाई, खळ शिजवू का? घोंगडी पार मऊ पडली."

रंगुबाईंनी घोंगडीवरून हात फिरवला. सगळा ताठा पाण्यात गेल्यावर सासऱ्यांची लोकर सशासारखी लागत होती.

"नगं," त्या म्हणाल्या आणि घडी घालून त्यांनी ती पाळण्यात अंथरली. "हितनं म्होरं हिला खळ लावायची न्हाई."